म्हाताऱ्या अ‍ॅडमिरलचे चार महिने

२५ फेब्रुवारी १९३६. तोक्योतल्या अमेरिकी वकिलातीत त्या रात्री मेजवानी होती. राजदूत जोसेफ ग्रू यांनी जेवणानंतर पाहुण्यांना ‘नॉटी मॅरिएटा’ हा गाण्यांचा बोलपट दाखवला. मानाचे पाहुणे होते माजी पंतप्रधान अ‍ॅडमिरल माकोतो साइतो. सम्राट हिरोहितोंचे मुख्य चेंबरलेन, म्हणजे दरबाराचे प्रमुख कारभारी, अ‍ॅडमिरल कांतारो सुझुकी हेही पत्नी ताका यांच्यासह आले होते. उशिरा मंडळी पांगली. बाहेर शहरावर बर्फ साचलेलं होतं.

पहाटे पाचच्या सुमाराला साइतोंना त्यांच्या घरात गोळ्या घालून ठार करण्यात आलं. त्याच वेळी दुसरी तुकडी सुझुकींच्या घरात शिरली होती. लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी सुमारे चौदाशे सैनिक घेऊन बंड पुकारलं होतं. सम्राटांभोवतीचे ‘दुष्ट सल्लागार’ कापून काढले की देश शुद्ध होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. सुझुकी या यादीत आले ते १९३० च्या लंडन नाविक करारामुळे. त्या करारानं जपानी आरमारावर मर्यादा आली होती, आणि विरोध करू पाहणाऱ्या नौदलप्रमुखांना सुझुकींनी सम्राटांपर्यंत वेळेवर पोचू दिलं नाही, असा राष्ट्रवाद्यांचा आरोप होता.

गलक्यानं जाग आल्यावर सुझुकी तलवार शोधायला कोठीत गेले. ती सापडली नाही. कोठीत दडून मेलो असं व्हायला नको म्हणून ते स्वतःच बाहेर खोलीत आले आणि संगिनी रोखलेल्या सैनिकांपुढे उभे राहिले. कशासाठी आलात, असं त्यांनी विचारलं. धड उत्तर मिळेना, तेव्हा मग झाडा गोळ्या, एवढंच ते म्हणाले. डोक्यात, छातीत, जांघेत गोळ्या लागून ते कोसळले. ताकाबाई त्याच खोलीत होत्या, त्यांच्यावरही संगिनी रोखलेल्या.

तुकडीचा म्होरक्या कॅप्टन तेरुझो आंदो आत आला. अखेरचा घाव घालायला त्यानं तलवारीला हात घातला, तेव्हा ताकाबाईंनी त्याला अडवलं. म्हातारा माणूस आहे, तेवढं नका करू. करायलाच हवं असेल तर मी करीन, अशा अर्थाचं त्या बोलल्या. आंदोनं तलवार आवरली, सैनिकांना सलामी द्यायला लावली आणि तो निघून गेला. हा आंदो काही परका नव्हता. पूर्वी एकदा तो याच सुझुकींना भेटायला आला होता आणि अर्ध्या तासाची भेट काही तास चालली होती. सैनिकानं राजकारणात पडू नये, हे सुझुकींनी त्याला तेव्हा कळकळीनं सांगितलं होतं, आणि तो प्रभावित होऊन परतला होता. तरीही दिलेली कामगिरी घेऊन तो आलाच. बंड चार दिवसांत मोडलं. आंदोनं स्वतःवर गोळी झाडली, त्यातून तो वाचला, आणि जुलैमध्ये त्याला बंदुकांच्या फैरीनं मृत्युदंड देण्यात आला. सुझुकी वाचले. एक गोळी मात्र शरीरातच राहिली. बारा वर्षांनी ती त्यांच्या अस्थींत सापडली.

या बंडाचा एक परिणाम पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. बंडखोर हरले, पण लष्कराचा धाक वाढला. त्याच वर्षी मे महिन्यात जुना नियम पुन्हा लागू झाला: लष्करमंत्री आणि नौदलमंत्री हे सेवेतलेच सेनापती किंवा अ‍ॅडमिरल असायला हवेत. म्हणजे लष्करानं आपला माणूस काढून घेतला आणि दुसरा दिला नाही, की मंत्रिमंडळ कोसळलं. नऊ वर्षांनी सुझुकींना कारभार करायचा होता तो मानेवर टेकलेल्या या सुरीखाली.

ते जन्मले १८ जानेवारी १८६८ रोजी, ओसाकाजवळच्या कुझे इथे. शोगुनांची सत्ता मोडणारी यादवी पेटायला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. वडील सेकियादो संस्थानाचे अधिकारी, म्हणजे शोगुनांच्या बाजूचे, हरलेल्या पक्षाचे. नव्या आरमारात जिंकलेल्या सात्सुमा संस्थानातल्या लोकांचा वरचष्मा होता. तिथे या मुलाला कोणी पाठीराखा नव्हता. १८८७ मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडून त्यानं पाणतीर हा विषय धरला. लहान बोटीतून रात्री शत्रूच्या अगदी जवळ जायचं, पाणतीर सोडायचा आणि जगलो तर परतायचं, असं ते काम. १८९५ च्या फेब्रुवारीत वेइहाइवेइ बंदरातल्या चिनी आरमारावर जपान्यांनी रात्री हल्ला चढवला. सुझुकी एका पाणतीर बोटीचे कप्तान होते. ऐन मोक्याला पाणतीर नळीतच बर्फानं गोठून बसले आणि बाहेर निघेनात. इतक्या जवळ जाऊन रिकाम्या हातानं परतावं लागलं.

जर्मनीत शिक्षणासाठी असताना आपल्या मागच्यांना आधी बढती मिळाल्याचं त्यांना कळलं. ते राजीनामा द्यायला निघाले होते. वडिलांच्या पत्रानं थांबले. लगेच रशियाशी युद्धाची चिन्हं दिसू लागली, आणि इटलीत बांधलेली ‘कासुगा’ ही क्रूझर जेनोव्हाहून जपानला आणण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईआधी त्यांनी आपल्या विनाशिकांच्या ताफ्याकडून इतकी कठोर कवायत करून घेतली, की खलाशी त्यांना ‘राक्षस कांतारो’ म्हणू लागले. २७ मेच्या रात्री याच ताफ्यानं ‘नावारिन’ ही रशियन युद्धनौका बुडवली.

पुढची चढण भरभर सांगता येईल. १९१४ मध्ये सीमेन्स कंपनीच्या लाचखोरीनं आरमाराची अब्रू गेली, तेव्हा ते नौदल खात्याचे उपमंत्री झाले. १९२३ मध्ये अ‍ॅडमिरल, मग संयुक्त आरमाराचे सेनापती, मग नौदलप्रमुख. १९२९ मध्ये गणवेश उतरवून ते दरबारात गेले. पण १९१८ सालची एक गोष्ट अशी भरभर सोडून चालणार नाही. प्रशिक्षण ताफा घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. तिथल्या भाषणात ते म्हणाले, की पॅसिफिक हा नावाप्रमाणे शांतीचा महासागर आहे. त्यावरून सैन्य नेऊन कोणी लढेल तर दोन्ही देशांना दैवी शिक्षा होईल. एका पन्नाशीच्या दर्यावर्द्याचं ते भाषण सत्तावीस वर्षांनी पुन्हा वर येणार होतं.

ताकाबाई सुझुकींच्या दुसऱ्या पत्नी. लग्नाआधी दहा वर्षं त्या राजवाड्यात हिरोहितो आणि त्यांच्या भावांचा सांभाळ करत होत्या. ज्या बाईनं सम्राटांना लहानाचं मोठं केलं तिचा नवरा, असं सुझुकींचं दरबाराशी दुहेरी नातं होतं. १९४५ चा घोळ समजून घेताना हे नातं विसरता येत नाही.

५ एप्रिल १९४५. ओकिनावावर अमेरिकी फौजा उतरलेल्या. मार्चमधल्या एका रात्रीच्या बॉम्बफेकीत तोक्योत सुमारे एक लाख माणसं मेलेली. पंतप्रधान कोइसो यांनी राजीनामा दिला आणि माजी पंतप्रधानांची बैठक नवा माणूस शोधायला बसली. त्यांच्यातल्या जनरल तोजोंना लष्कराचाच माणूस हवा होता. नाहीतर लष्कर तोंड फिरवील, असं ते बोलून गेले, त्यावर अ‍ॅडमिरल ओकादांनी त्यांना तिथल्या तिथे फटकारलं. नाव निघालं सुझुकींचं. वय सत्त्याहत्तर, कानानं अधू. त्यांनी साफ नकार दिला. सैनिकानं राजकारणात पडायचं नाही, हेच तर त्यांनी आंदोला ऐकवलं होतं. त्या रात्री सम्राटांनी त्यांना बोलावून घेतलं आणि दुसरं कोणी उरलेलं नाही, असं सांगून अक्षरशः विनवलं. ७ एप्रिलला मंत्रिमंडळ बनलं. त्याच दुपारी ‘यामातो’ ही जगातली सर्वांत मोठी युद्धनौका ओकिनावाच्या वाटेवर बुडाली.

हा माणूस युद्ध संपवायला आला होता की लढत राहायला? त्यांच्या मंत्र्यांनाही ते नीट सांगता आलं नसतं. लष्करानं लष्करमंत्री दिला तो युद्ध शेवटपर्यंत चालवण्याच्या अटीवर. सुझुकींनी अट मान्य केली. परराष्ट्रमंत्री म्हणून शिगेनोरी तोगो हवे होते, आणि तोगोंना युद्ध संपवायचं होतं. सुझुकींनी त्यांनाही मोकळीक दिली. मंत्रिमंडळ बनल्यावर पाच दिवसांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट वारले, तेव्हा सुझुकींनी शत्रुराष्ट्राच्या जनतेला शोकसंदेश पाठवला. जर्मनीत हिटलर त्या मृत्यूचा आनंद साजरा करत होता. परागंदा जर्मन लेखक टोमास मान यांनी आपल्या रेडिओभाषणात या फरकाकडे देशबांधवांचं लक्ष वेधलं.

लष्करमंत्री होते जनरल कोरेचिका अनामी. सुझुकी दरबारात मुख्य चेंबरलेन असताना अनामी तिथेच सम्राटांचे लष्करी सहायक होते, त्यामुळे दोघांची जुनी ओळख आणि परस्परांविषयी आदर. या आदरावर बरंच काही टिकून होतं. अनामींनी राजीनामा दिला असता तर त्या १९३६ च्या नियमानं मंत्रिमंडळ गडगडलं असतं, आणि पुढचं मंत्रिमंडळ लष्कराचं असतं. म्हणून सुझुकी चारचौघांत कडवं बोलत आणि कोणालाही खोली सोडून जाण्याचं निमित्त देत नसत.

तरी एकदा जीभ घसरलीच, किंवा त्यांनी मुद्दाम घसरू दिली. ८ जूनला सम्राटांसमोरच्या बैठकीनं शेवटपर्यंत लढण्याचा ठराव केला. दुसऱ्या दिवशी संसदेत पंतप्रधानांनी सॅन फ्रान्सिस्कोचं ते १९१८ चं भाषण आठवलं: महासागर, दैवी शिक्षा, सगळं. सभागृहात गदारोळ झाला. दैवी कृपा सम्राटांच्या फौजांवर असताना शिक्षेची भाषा कसली, म्हणून विरोधक तुटून पडले. मला त्या भाषणात एक म्हातारा माणूस बंद दारावर टकटक करताना ऐकू येतो.

त्या उन्हाळ्यात त्यांना एक प्रदर्शन दाखवण्यात आलं. शत्रू उतरला की नागरिकांच्या लढाऊ दलांच्या हाती द्यायची शस्त्रं मांडली होती. तोंडातून दारू ठासायच्या बंदुका होत्या. बांबूचे भाले होते. धनुष्यबाण होते, आणि त्यांच्याबरोबर बाणाचा पल्ला किती तेही लिहून ठेवलं होतं. मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव हिसात्सुने साकोमिझु सोबत होते. ते पाहून सुझुकी हादरले, असं त्यांनी पुढे सांगितलं. जुलैत रेशनवरचा तांदूळ दहा टक्क्यांनी कमी झाला. त्या तांदळावर जगणारी माणसं बांबू घेऊन रणगाड्यांपुढे जाणार होती.

२६ जुलैला दोस्त राष्ट्रांचा पोट्सडॅम जाहीरनामा आला: बिनशर्त शरण या, नाहीतर सर्वनाश. जपाननं रशियाची मध्यस्थी मागितली होती आणि मॉस्कोतून उत्तर येत नव्हतं. तोगोंचं म्हणणं, नकार देऊ नका, थांबा. सैन्याचे अधिकारी मात्र ठणकावून नाकारा म्हणत होते. २८ जुलैला सुझुकी पत्रकारांपुढे बसले आणि म्हणाले, की या पत्रकात नवं काही नाही, सरकार त्याची दखल घेणार नाही, युद्ध चालूच राहील. जगानं तो नकार म्हणून ऐकला, आणि तो नकारच होता. लष्कराला खोलीत बसवून ठेवण्याची त्यांची रीत इथे भयंकर महाग पडली. अमेरिकेनं अणुबॉम्ब टाकण्याचा आदेश त्याआधीच काढला होता, त्यामुळे सगळा दोष या एका वाक्यावर टाकणं चूक होईल. पण ते वाक्य बोललं गेलं नसतं, तर हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या ६ ऑगस्टच्या आधीचे नऊ दिवस रिकामे गेले नसते, एवढं म्हणायला जागा आहे. हिरोशिमातल्या माणसांना ते नऊ दिवस कोणी परत देऊ शकत नाही. सुझुकींची थोरवी सांगताना हे मागे टाकणारा लेख मला लिहवणार नाही.

९ ऑगस्टच्या पहाटे रशियन फौजा मांचुरियात घुसल्या. सकाळी सहा जणांचं सर्वोच्च युद्धमंडळ बसलं. सुझुकी, तोगो आणि नौदलमंत्री योनाई एका बाजूला: सम्राटपद राखलं जावं, एवढ्या एकाच अटीवर शरण जाऊ. दुसऱ्या बाजूला अनामी आणि दोन्ही सेनाप्रमुख उमेझु आणि तोयोदा. त्यांच्या अटी चार: ती एक, शिवाय शस्त्रं आपणच खाली ठेवू, युद्धगुन्हेगारांचे खटले आपणच चालवू, परकी फौज देशात नको. अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. बैठक चालूच होती. तीन विरुद्ध तीन. मंत्रिमंडळातही तोच पेच. रीतीनं एकमत हवं. ते झालं नाही तर मंत्रिमंडळानं पायउतार व्हायचं.

साकोमिझुंनी आधीच एक काम करून ठेवलं होतं. सम्राटांसमोरची बैठक बोलवायला दोन्ही सेनाप्रमुखांच्या सह्या लागत. गरज पडेल तेव्हा धावपळ नको, म्हणून त्यांनी त्या आगाऊ मिळवल्या होत्या. बैठक बोलवण्याआधी तुम्हाला कळवू, असं त्यांना सांगितलेलं होतं. मध्यरात्रीच्या सुमाराला राजवाड्याच्या भूमिगत आश्रयस्थानात, कोंदट खोलीत, सगळे जमले. अशा बैठकीत सगळं आधी ठरलेलं असे, सम्राट फक्त बसत. दोन तास त्याच मुद्द्यांवर चर्चा झाली. सर्वांना वाटलं, आता पंतप्रधान आपलं मत देऊन पारडं झुकवतील. सुझुकी उठले. पेच सुटत नाही, वेळ उरलेला नाही, तेव्हा सम्राटांनीच आपला निर्णय सांगावा, असं म्हणून ते सम्राटांच्या दिशेनं चालत गेले. अनामींनी चमकून त्यांना हाक मारली. म्हाताऱ्याला ती ऐकू आली असेल किंवा नसेल. ते थांबले नाहीत. सम्राटांनी त्यांना जागेवर बसायला सांगितलं, तेव्हा त्यांनी कानामागे हात धरला आणि मग परतून बसले. सम्राट म्हणाले, परराष्ट्रमंत्र्यांचं म्हणणं स्वीकारावं.

राज्यघटनेच्या वहिवाटीत असं काही बसत नव्हतं. पण तो पेच साध्या मतदानानं सुटला असता, तर सेनापतींनी तो निर्णय मानला असता का? सम्राटांच्या तोंडून आलेला निर्णय मोडायचा तर त्यांना आपल्याच शपथेवर पाय द्यावा लागला असता. सुझुकींनी दरबारात घालवलेली वर्षं इथे कामी आली. सम्राट काय बोलतील हे त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतरही ते डगमगले. अमेरिकेचं उत्तर आलं त्यात सम्राट दोस्तांच्या सेनापतीच्या अधीन राहतील, असं वाक्य होतं. १२ ऑगस्टला सुझुकी अनामींच्या बाजूला झुकले आणि लढायचं म्हणू लागले. तोगो हबकले, राजमुद्रेचे अधिकारी कोइची किदो यांनी त्या रात्री सुझुकींना समजावून परत आणलं. पुढच्या दिवशी नौदलाच्या एका डॉक्टरानं त्यांना विचारलं, थोडे दिवस थांबता नाही का येणार? थांबलो तर रशिया मांचुरिया, कोरिया, साखालिनच नाही, होक्काइदोही घेईल, असं उत्तर मिळालं. १४ ऑगस्टला सम्राटांसमोर पुन्हा बैठक झाली आणि निर्णय कायम झाला.

त्या रात्री अनामी सुझुकींना भेटायला आले. कठोर बोललो असेन तर क्षमा करा, म्हणाले, आणि दक्षिणेच्या आघाडीवरून आलेल्या सिगारांची भेट दिली. ते गेल्यावर सुझुकी साकोमिझुंना म्हणाले, की हा निरोप घ्यायला आला होता. पहाटे अनामींनी पोट चिरून घेतलं. त्यांनी राजीनामा दिला असता, तर शरणागतीचा सगळा डाव त्याच आठवड्यात उधळला असता. तो त्यांनी दिला नाही. युद्धासाठी हट्ट धरणाऱ्या माणसानं ते मंत्रिमंडळ शेवटपर्यंत उभं ठेवलं, याची नोंद व्हायलाच हवी.

त्याच रात्री शरणागती रोखण्यासाठी राजवाड्यात मेजर हातानाका आणि त्याच्या साथीदारांनी, ती जाहीर करणाऱ्या सम्राटांच्या ध्वनिमुद्रित भाषणाची तबकडी शोधायला उच्छाद मांडला. योकोहामाहून कॅप्टन ताकेओ सासाकी सैनिक आणि विद्यार्थी घेऊन पंतप्रधानांच्या निवासस्थानी आला, तिथे सुझुकी मिळाले नाहीत म्हणून त्यांच्या खासगी घराकडे निघाला. काही मिनिटं आधी इशारा मिळाला होता. सुझुकी मोटारीत बसले तर मोटार सुरू होईना. पहाऱ्यावरच्या लोकांनी ती ढकलली. सासाकीच्या माणसांनी घर जाळून टाकलं. नऊ वर्षांत दुसऱ्यांदा, पुन्हा पहाटे, पुन्हा आपल्याच देशाचे बंदूकधारी दारात. दुपारी बारा वाजता सम्राटांचा आवाज रेडिओवर आला, आणि सुझुकींनी राजीनामा दिला.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची जपानच्या क्यूशू बेटावर उतरण्याची योजना ठरलेली होती. ती कागदावर राहिली. १९४६ मध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ताबा-सैन्यात ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखालची २६८ वी भारतीय ब्रिगेड जपानात आली, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची गावं पिढ्यान्‌पिढ्या ज्या रेजिमेंटला माणसं देत आली, त्या रेजिमेंटचे जवान जपानात उतरले ते पहाऱ्याच्या कामावर. लढून उतरायची वेळ आली असती तर किती गावांना तारा गेल्या असत्या, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सुझुकी, पंतप्रधानपदाआधी होते तसे, पुन्हा प्रिव्ही कौन्सिलचे, म्हणजे सम्राटांच्या सल्लागार मंडळाचे, अध्यक्ष झाले. ८ जून १९४६ रोजी त्या कौन्सिलनं नव्या राज्यघटनेचा मसुदा मंजूर केला. आरमारात आयुष्य घालवलेला माणूस अध्यक्षस्थानी, आणि मंजूर होणारं नववं कलम सांगत होतं की जपान भूदल, नौदल, हवाईदल ठेवणार नाही. त्यानंतर काही दिवसांत ते पद सोडून सेकियादोला राहायला गेले आणि तिथल्या शेतकऱ्यांनी दूधधंदा धरावा म्हणून खटपट करू लागले.

१७ एप्रिल १९४८ रोजी सुझुकी वारले. तीन दिवसांनी योनाई गेले. त्या ९ ऑगस्टच्या बैठकीत शांततेच्या बाजूला असलेल्या तिघांपैकी तोगो उरले. त्याच नोव्हेंबरात तोक्योच्या युद्धगुन्हे न्यायालयानं त्यांना वीस वर्षांची शिक्षा सुनावली. आरोप होता तो मुख्यतः १९४१ सालच्या मंत्रिपदाचा. दोन वर्षांत कैदेतच त्यांचा अंत झाला. सुझुकींवर कधी खटला झाला नाही.